नोकरी सांभाळून घरशाळा : शिकवण्याचे दोन तास आणि सांभाळण्याचे दहा तास

होमस्कूलिंगचा (मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवण्याचा, म्हणजे घरशाळेचा) विचार करणारे नोकरदार आईबाप पहिल्यांदा विचारतात, आम्ही दिवसभर कामावर, मग शिकवणार कधी? शिकवायला दिवसाचे दीड-दोन तास पुरतात आणि बहुतेक घरांत ते निघतात. घरशाळा मोडते ती उरलेल्या दहा तासांवर. मूल घरी, दोघे कामावर, तर त्या वेळात त्याच्याजवळ कोण? शाळा दोन कामे एकदम करते, शिकवते आणि सांभाळते. शाळा सोडली की दोन्हींची सोय वेगवेगळी लावावी लागते. सांभाळण्याची सोय पक्की झाल्याशिवाय शाळेतून दाखला काढू नका, अभ्यासाची तयारी कितीही झालेली असो.

हा लेख मुख्यतः ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. त्यापुढच्या मुलांचे गणित परीक्षेभोवती फिरते, त्याबद्दल शेवटी थोडे आहे.

आधी तासांचा हिशेब

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळांसाठी किमान तास दिले आहेत : पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे रोजचे चार ते साडेचार तास. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही तिथेच आहे. या चार तासांत हजेरी असते, वह्या तपासणे असते, एकाला समजेपर्यंत बाकीच्यांचे थांबणे असते. एकच मूल समोर असले की यातला बराच वेळ लागत नाही.

समोरासमोर बसून शिकवायला साधारण इतका वेळ धरा : ६ ते ८ वर्षांच्या मुलाला एक ते सव्वा तास, ९-१० वर्षांच्या मुलाला दीड तास, ११-१२ वर्षांच्या मुलाला दोन तास. शिवाय मोठ्या मुलांचे तासभराचे स्वतःचे काम वेगळे. दिवसांचे बंधन आपल्याला नसते. रविवार चालतो, मे महिना चालतो, गणपतीत आठ दिवस बंद ठेवून नंतर भरून काढता येतात. वर्षात ३०० दिवस दीड तास बसलात तर ४५० तास होतात, आणि ते सगळे एकाच मुलासाठी असतात.

रोज चार तास बसवलेच पाहिजे या भीतीने सुरुवात करणारी घरे सहसा दोन महिन्यांत थकतात. कामावरून आलेला माणूस चार तास शिकवू शकत नाही, आणि आठ वर्षांचे मूल एका माणसासमोर चार तास बसू शकत नाही.

सांभाळणार कोण?

इथे घाई करू नका. कागदावर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आखा, सकाळी ७ पासून रात्री ८ पर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक चौकोनात त्या तासाला मुलाजवळ असणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव लिहा. रिकामा राहिलेला प्रत्येक चौकोन ही अडचण आहे. 'बघू तेव्हा' असे लिहिलेला चौकोनही रिकामाच धरा.

आजी-आजोबा असतील तर मोठा आधार आहे, पण त्यांच्यावर रोजचे दहा तास टाकू नका. सत्तरीच्या माणसाला सलग चार-पाच तास झेपतात. दुपारी एक ते चार ही त्यांच्या विश्रांतीची वेळ असते आणि नेमके तेव्हाच मूल कंटाळते. म्हणून मुलाचे शांतपणे करायचे काम (चित्र, वाचन, ठोकळे, शिवण) त्याच वेळेसाठी राखून ठेवा. आजीला शिक्षिका करू नका. 'आई, आज याचा भागाकार करून घ्या' असे सांगून कामावर गेलात की संध्याकाळी दोघांचीही तोंडे फुगलेली मिळतात. आजीकडे जे आपसूक आहे ते होऊ द्या : पाढे, निवडणे-टिपणे, वाण्याचा हिशेब, ओव्या, नात्यागोत्यांच्या गोष्टी. हे सगळे शिक्षणातच मोडते आणि रोजच्या नोंदीत लिहायचे असते. एक छोटी गोष्ट आधीच सांगून ठेवा. २०१९ पासून बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशीही संख्यावाचनाची पद्धत आली. आजी सत्तावीस म्हणेल, पुस्तकात वीस सातही दिसेल. मुलाला दोन्ही येऊ द्या, त्यावरून घरात वाद नको.

पाळणाघराचा विचार असेल तर शाळेच्या वयाच्या मुलाला ते सकाळच्या वेळात ठेवतात का, हे आधी विचारा. अनेक पाळणाघरांत मोठी मुले शाळा सुटल्यावरच येतात. सकाळी तिथे दोन-तीन वर्षांची बाळे असतात आणि त्यांच्यात आठ वर्षांचे मूल कंटाळून जाते. बसायला टेबल आहे का, दुपारी टीव्ही किती वेळ चालू असतो, मुलांकडे कोण बघते, हे स्वतः दुपारी दोन वाजता जाऊन बघून या. सकाळी दहाला गेलात तर सगळे छानच दिसते.

दोन कुटुंबांनी मिळून करणे ही नोकरदारांसाठी उत्तम सोय आहे. सोमवार-बुधवार मुले एका घरी, मंगळवार-गुरुवार दुसऱ्या घरी. चार गोष्टी बोलून न ठेवता लिहून ठेवा : जेवण कोणी द्यायचे, ताप आला तर काय, बाहेर न्यायचे का, मोबाइल किती वेळ. लेखी नसेल तर पहिल्या आजारपणात व्यवस्था कोसळते आणि मैत्रीही आंबते.

घरून काम करणाऱ्यांना वाटते की आपला प्रश्न सुटलेलाच आहे. आठ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तो सुटलेला नसतो. तुम्ही मीटिंगमध्ये आहात हे त्या वयाला कळते, पण आवरता येत नाही. आठच्या पुढच्या मुलासाठी खोलीच्या दाराला दोन रंगांचे पुठ्ठे लावा. लाल असेल तर चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायची, हिरवा असेल तर आत यायचे. दर दीड तासाला दहा मिनिटे हिरवा पुठ्ठा लावलाच पाहिजे. तो लागला नाही की मूल लाल पुठ्ठा मानत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलाला दिवसभर एकटे ठेवण्याच्या भरवशावर घरशाळा उभी करू नका. एकट्या पालकाला पूर्णवेळ बाहेरची नोकरी असेल आणि घरात दुसरे कोणी नसेल, तर शाळा चालू ठेवून संध्याकाळी घरी हवे ते शिकवणे हाच बरा मार्ग. त्यात कमीपणा काही नाही.

वेळ शोधायची कशी?

दोन आठवडे फक्त नोंद करा. उठलो किती वाजता, निघालो कधी, घरी पाय टेकला कधी, जेवण कधी, मूल झोपले कधी. मग त्यावर रंगीत पेनने दोन खुणा करा : तुम्ही ताजेतवाने असता तो वेळ आणि मूल ताजेतवाने असते तो वेळ. या दोन खुणा जिथे एकमेकींवर येतात तो शिकवण्याचा वेळ. तो अर्ध्या तासाचाच निघाला तरी तिथूनच सुरुवात करा.

शिक्षणाने कामाच्या वेळेशी जुळवून घेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. तुमच्या घरातले कुरण कुठले, एवढे शोधायचे आहे.

लांबच्या प्रवासाची नोकरी. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईत जाणारा माणूस घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत सहज दीड तास घालवतो. सकाळी आठला निघून रात्री आठला परत. अशा घरात संध्याकाळ शिकवण्यासाठी मेलेली असते, सकाळ हाच एक पर्याय : सव्वासहा ते साडेसात. त्यासाठी मूल रात्री सव्वानऊला झोपले पाहिजे, आणि हेच सगळ्यात अवघड जाते, कारण आईबाबा आल्याशिवाय ते जेवत नाही. त्याला साडेसातला जेवू घाला. तुम्ही आल्यावर आठ ते नऊ हा वेळ गप्पा आणि मोठ्याने वाचून दाखवण्याचा, वह्यांचा अजिबात नाही. सकाळी एकाने डबे करायचे, दुसऱ्याने शिकवायचे, आणि ही अदलाबदल आठवड्याने करायची.

पाळीची नोकरी. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळाला बांधलेले वेळापत्रक टिकणार नाही. त्याऐवजी तीन कागद करा आणि त्या आठवड्याचा कागद भिंतीवर लावा. पहिली पाळी असेल तर संध्याकाळी पाच ते साडेसहा, घरी आल्यावर तासभर आडवे झाल्यानंतर. दुसरी असेल तर सकाळी नऊ ते अकरा, हा सगळ्यात चांगला आठवडा, नवीन धडे याच आठवड्यात घ्या. रात्रपाळी असेल तर दुपारी चार ते पाच, तेही फक्त वाचन आणि सराव. रात्रपाळीच्या आठवड्यात अपूर्णांक शिकवायला घेऊ नका, झोप न झालेल्या माणसाचा संयम दहाव्या मिनिटाला संपतो. पिंपरी-भोसरीकडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. ती या कामाला फार सोयीची आहे : पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा एखाद्या किल्ल्यावर रविवारची गर्दी नसते.

दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्यांना सकाळ मोकळी मिळते. साडेनऊ ते साडेअकरा शिकवा. त्यांची अडचण उलटी असते, मूल रात्री वाट बघत जागे राहते. कामातल्या सुट्टीत, साडेआठला, पाच मिनिटांचा फोन ठरवून टाका.

राज्य शासनाच्या सेवेतल्या महिलांना संपूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा मिळते, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. ती सुरुवातीलाच सगळी वापरू नका. सुरुवातीचे दोन आठवडे आणि पुढे सांभाळणारे माणूस आजारी पडेल तेव्हासाठी, अशी तोडून ठेवा.

काय आणि किती?

अभ्यासाचे तीन भाग करा, कारण प्रत्येकाला लागणारे माणूस वेगळे आहे.

पहिला भाग तुमच्यासमोर बसून करायचा : वाचन, लेखन, गणित. सात वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचन २० मिनिटे, गणित २५ मिनिटे, लेखन १० ते १५ मिनिटे. अकरा वर्षांच्या मुलाला गणित ४० मिनिटे, भाषा ३० मिनिटे, इंग्रजी ३० मिनिटे, आणि बाकीचा वेळ आदल्या दिवशीचे काम बघायला. बैठकीची सुरुवात नेहमी गणिताने करा. वाचन थकव्यातही होते, गणित होत नाही.

दुसरा भाग मुलाने एकट्याने करायचा. त्याला पेटी लागते, ती खाली सांगितली आहे.

तिसरा भाग सुट्टीच्या दिवशीचा : विज्ञान, परिसर, इतिहास, भूगोल. हे विषय रोज थोडे थोडे करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सलग तीन तास केले तर जास्त मुरतात. अरविंद गुप्तांची टाकाऊतून बनवायची वैज्ञानिक खेळणी यासाठी बिनखर्चाची आहेत. काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुनी सीडी एवढ्यात वर्षभराचे रविवार निघतात, आणि कृतीचे व्हिडिओ मराठीतही आहेत. मुंबईकरांना वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. गावाकडे असाल तर विहीर, बाजार, पोस्ट आणि शेत हाच परिसर अभ्यास, पुस्तकातले चित्र दाखवायची गरज नाही.

पुस्तके बालभारतीचीच घ्या, निदान पहिल्या वर्षी. सगळ्या इयत्तांची पीडीएफ संकेतस्थळावर मोफत मिळते, आणि पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अॅपवर उघडतो. महागडे परदेशी संच घेण्याचा मोह टाळा. ते दिवसभर घरी असणाऱ्या पालकाला धरून केलेले असतात आणि नोकरदार माणूस त्यात तिसऱ्या आठवड्यात मागे पडतो. शिवाय मूल उद्या शाळेत परत गेले, तर बालभारतीचे धडे झालेले असणे उपयोगी पडते. पुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय सोडवायला हवा असे मात्र नाही. तो तीस मुलांसाठी लिहिलेला आहे. तीन उदाहरणे बिनचूक आली की पुढे चला, चौथ्यात चूक झाली तर दोन दिवसांनी परत या.

पेटी : तुम्ही नसतानाचा अभ्यास

बुटांचे खोके, त्यात सहा पाकिटे, प्रत्येकावर वार. रोजच्या पाकिटात तीनच गोष्टी ठेवायच्या.

एक, हमखास जमणारे काम : कालच शिकलेल्या प्रकारची सहा गणिते, किंवा शुद्धलेखनाच्या पाच ओळी. दोन, वाचायची दोन-तीन पाने आणि त्यावर एकच प्रश्न, ज्याचे उत्तर तोंडी द्यायचे, तुम्ही आल्यावर. तीन, मोकळे काम, ज्याला बरोबर-चूक नसते : घरातल्या पाच गोलाकार वस्तू मोजून लिही, गॅलरीतल्या कुंड्यांचे चित्र काढ, आजोबांना त्यांच्या शाळेबद्दल चार प्रश्न विचारून उत्तरे लिही.

पेटी फसते ती बहुतेक वेळा नवीन भाग टाकल्यामुळे. पालकांना वाटते, पुस्तकात समजावून दिलेय, वाचून करेल. मूल अडते, आजीला विचारते, आजी वेगळ्या पद्धतीने सांगते, मूल रडते, आणि दुसऱ्या दिवसापासून पेटी उघडायला नको म्हणते. पेटीत सराव असतो, नवीन काही नसते. हा नियम मोडू नका.

एका वेळी किती? आठ वर्षांच्या मुलाला ४० मिनिटांचे काम, अकरा वर्षांच्या मुलाला तासाभराचे. संपल्यावर पाकीट उलटे ठेवायचे, म्हणजे सांभाळणाऱ्याला एका नजरेत कळते. झाले नाही तर पाकीट तसेच राहू द्या, शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात ते घुसडू नका. तीन दिवस सलग एकाच प्रकारचे काम उरले तर ते काम अवघड आहे किंवा कंटाळवाणे आहे, तुम्हाला बदलायचे आहे.

पेटी भरायला रविवारी पाऊण तास लागतो. आधी गेल्या आठवड्याची पाकिटे रिकामी करून दहा मिनिटे नजर टाका. मग या आठवड्यात शिकवायच्या तीन नव्या गोष्टी लिहा, तीनच. लागणारी पाने झेरॉक्स करा किंवा वहीत हाताने उतरवा. शेवटी मुलाला बोलावून एक मोकळे काम त्याच्याकडूनच सुचवून घ्या. रविवार चुकला की सोमवारी सकाळी सातला कुकरच्या शिट्ट्यांमध्ये पेटी भरली जाते आणि अख्खा आठवडा फरफटतो. रविवारी संध्याकाळी पाहुणे असतील तर शनिवारी रात्री भरा.

नोंद

एक साधी डायरी, रोज तीन ओळी : काय केले, कुठे अडले, काय नवे विचारले. आजीबरोबर शेंगा सोलताना डझनाचा हिशेब केला असेल तर तोही लिहा. दर महिन्याला चार कागद (एक गणिताचा, एक लिखाणाचा, एक चित्र, एक प्रयोगाची नोंद) तारीख टाकून फाइलमध्ये ठेवा. वर्षाचे ४८ कागद होतात. शाळेत परत घालताना याचा उपयोग होतो, आणि 'हिचे वाचन पुढेच जात नाही' असे वाटते तेव्हा जूनचा कागद काढून बघता येतो.

कुठे मोडते?

महिनाअखेर, ऑडिट, मार्च. कामाचा ताण वाढला की पहिला बळी शिकवण्याच्या तासाचा जातो. त्यासाठी अर्ध्या वेगाचा आठवडा आधीच ठरवून ठेवा : रोज २० मिनिटे वाचन, १० मिनिटे पाढे किंवा तोंडी गणित, पेटीत फक्त मोकळे काम. वर्षात असे आठ आठवडे धरूनच आखणी करा. ठरवलेला अर्धा आठवडा चालतो, पण न ठरवता बुडालेल्या आठवड्यानंतर पालक रविवारी सहा तास बसवतात आणि तिथे मुलाचे मन उडते.

रात्री नऊ वाजता गणित. जेवण झाले, दोघे दमलेले, तरी 'आज काहीच झाले नाही' म्हणून वही उघडली जाते. आवाज चढतो. मुलाला गणिताची भीती बहुतेक वेळा अशाच बैठकांत बसते. साडेआठनंतर वही उघडायची नाही, हा नियम घरात लिहून लावा. गोष्ट वाचून दाखवा आणि दिवे मालवा.

घरी आल्याआल्या शिकवणे. कामावरचा राग दारात ठेवता येत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. हातपाय धुणे, चहा, वीस मिनिटे गप्पा, मग वही.

आईवर सगळा भार. बहुतेक घरांत शिकवणे, पेटी भरणे, सांभाळणाऱ्यांशी बोलणे हे सगळे आईकडे सरकते, तीही नोकरी करत असते आणि स्वयंपाकही तिच्याकडेच असतो. अशी घरशाळा वर्षभर टिकत नाही आणि टिकली तर आईची तब्येत मोजून टिकते. साधा नियम करा : ज्या दिवशी जो शिकवतो त्या दिवशी तो स्वयंपाकघरात जात नाही. बाबांनी निदान एक विषय पूर्ण घ्यावा, पुस्तक उघडण्यापासून नोंद लिहिण्यापर्यंत. 'मी मदत करतो' एवढ्याने भागत नाही.

मोबाइल. एखादा व्हिडिओ दाखवायला दिलेला फोन परत मिळत नाही. तुम्ही नसताना अभ्यासासाठीही फोन देऊ नका. व्हिडिओ रविवारी एकत्र बघा, आणि लगेच ती कृती करून बघा.

एकटेपणा. दहा वर्षांच्या मुलाला रोज किमान तासभर इतर मुले हवीत, ही चैन नाही. मैदानावरचा खो-खो किंवा कबड्डीचा संघ, तबला किंवा पोहण्याचा वर्ग, सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग यातले निदान दोन पहिल्या महिन्यातच पक्के करा. सोसायटीतली मुले शाळेतून पाचला येतात. तुमच्या मुलाचे खाली जाणे त्या वेळेला बांधा, शिकवण्याचा तास तिथे टाकू नका.

परीक्षा, कायदा आणि कागद

शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण न केल्यास पालकांना दंड सांगितलेला नाही. घरशाळेचा स्वतंत्र उल्लेख, नोंदणी किंवा परवानगीची पद्धत त्यात नाही. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला कोणी घरी आले तर डायरी आणि कागदांची फाइल दाखवा, शांतपणे बोला.

काही दारे मात्र बंद होतात, ती माहीत असू द्या. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला मान्यताप्राप्त शाळेत शिकत असणे लागते. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात. यातले काही तुमच्या मुलासाठी महत्त्वाचे असेल तर ती परीक्षा होईपर्यंत शाळा सोडू नका.

प्रमाणपत्रासाठी मुख्य रस्ते तीन. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी (वय १० पूर्ण) आणि आठवी (वय १३ पूर्ण), पुढे दहावी-बारावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस : दहावीसाठी वय १४ पूर्ण, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षे चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. नोकरदार घराला याचा मोठा फायदा असा की पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत, दोन एका सत्राला, तीन पुढच्या सत्राला असे करता येते. तिसरा रस्ता राज्य मंडळाचा, १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून पाचवीपर्यंत शाळेत काढून मग घरी शिकणाऱ्यांना तो सोपा जातो.

दाखला काढण्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवडे चाचणी करा. रजा न घेता, नेहमीच्या कामाच्या वेळा ठेवून, पेटी आणि सकाळ-संध्याकाळची बैठक जशीच्या तशी. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. तोपर्यंत डायरी वाचा. सहा आठवड्यांपैकी चार आठवडे पाच-पाच दिवस बैठक झाली का? सांभाळण्याचा चौकोन कितीदा रिकामा राहिला? एकापेक्षा जास्त आठवड्यांत तो रिकामा राहिला असेल तर या वर्षी शाळा चालू ठेवा आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बघा.

शाळेत परत जाण्याचा रस्ता खुला असतो. कायद्याचे कलम ४ वयानुरूप वर्गात प्रवेश देते (महाराष्ट्रात २०२३ पासून सहावी ते आठवीत बसवायचे तर आधी पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते), आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी जन्मदाखला, आधार, शेवटचे प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला एका पिशवीत ठेवा. दाखल्यावरचे नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या खिडकीवरच तपासा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. पुढे दहावीच्या फॉर्मच्या वेळी ती चूक दुरुस्त करायला कितीतरी हेलपाटे पडतात. तीन साक्षांकित प्रती काढा, आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका.